पंख्याच्या हुकाला टांगलेलं झाड

तीर्थरूप मावशीस,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार. नवा डावा कसा आहे? जिने चढताना जुन्या उजव्याला कमीपणा वाटू देऊ नकोस. माझी तब्येत चांगली आहे. (चांगली म्हणजे जेवण जातं, झोपही लागते, फक्त छताखाली बसवत नाही. हे पत्र गच्चीवर बसून लिहितो आहे. वारा आहे, म्हणून अक्षर असं आलंय.) तू मिळवून दिलेलं लग्नाच्या सजावटीचं काम पार पडलं. नवरा-नवरी सुखरूप आहेत, पाहुणे सुखरूप आहेत. आता सगळं खरं सांगतो. आधी पाणी पिऊन घे.

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंडात कापूस असताना, माझा भाचा सजावट फार छान करतो हे तू त्यांना कसं सांगितलंस, ते मला अजून कळलेलं नाही. पण त्यांना ते कळलं आणि ते मुलीला घेऊन माझ्याकडे आले. आता, मी दुकानांच्या काचांमागे मांडण्या करणारा माणूस. माझ्या हाताखालची मंडळी प्लास्टिकची. ती जेवत नाहीत, नाचत नाहीत, आणि डोक्यावर काही पडलं तर त्यांचं फार तर बोट तुटतं, ते मी चिकटवतो. हे मी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. पण मुलगी म्हणाली की तिला नेहमीच्या फुलांच्या कमानी नकोत, लोकांनी मान वर करून बघत राहावं असं काहीतरी हवंय. आणि मावशी, तुला माझा स्वभाव माहीत आहे. कुणी 'वेगळं' म्हटलं की माझी अक्कल सुट्टीवर जाते. मी म्हणालो, जेवणाच्या लांब टेबलावर एक वाळलेलं झाड उलटं टांगू. मुळं वर, फांद्या खाली. फांद्यांना काचेच्या बाटल्या, बाटल्यांत पाणी, पाण्यात एकेक पांढरं फूल. मुलीने टाळी वाजवली. डॉक्टरांनी सगळे दात दाखवले.

सभागृह म्हणजे जुनं गोदाम. उंच छत, लोखंडी तुळया, तुळयांना हूक. तिथला रखवालदार वयस्कर, अबोल माणूस. त्याला सगळे 'हूं' म्हणतात, कारण तो तेवढंच बोलतो. शिडीवर चढून, मधल्या हुकाला हात लावून मी विचारलं, हा वजन धरेल ना? तो म्हणाला, "हूं." मी त्याचा अर्थ 'हो' असा लावला. (माणूस आपल्याला हवा तोच अर्थ लावतो. वडील शाळेत घालताना मी 'हूं' म्हणालो होतो, त्याचाही त्यांनी 'हो' असाच अर्थ लावला होता.) मग कप्पी लावून सहा जणांनी झाड वर ओढलं. एकशे चाळीस बाटल्या भरल्या. सगळ्यात खालची बाटली टेबलापासून बरोबर एक हात वर राहिली. मी खाली उभा राहून बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

दुपारी पाहुणे जेवायला बसले. मी भिंतीला टेकून उभा होतो. 'हूं' माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, वर बघितलं, आणि ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलला.

"तो पंख्याचा हूक आहे. वजनाचा पलीकडच्या तुळईला."

मी टेबलाकडे बघितलं. खालची बाटली आता टेबलापासून वीतभरच वर होती. हूक हळूहळू सरळ होत होता. झाडाखाली ऐंशी माणसं जेवत होती, मधोमध नवऱ्या मुलाची आई. मला ओरडता आलं असतं. पण ओरडलो असतो तर ऐंशी माणसं एकदम उठली असती, खुर्च्या आपटल्या असत्या, आणि कदाचित तेवढ्यानेच ते खाली आलं असतं. निदान मी स्वतःला तसं समजावलं. मी छायाचित्रकाराला गाठून सगळ्यांना फोटोसाठी अंगणात न्यायला सांगितलं. तो म्हणाला, या झाडासारखी पार्श्वभूमी बाहेर कुठे मिळणार, आणि नवऱ्या मुलाच्या सगळ्या आत्यांना बोलावून झाडाखालीच दाटीवाटीने उभं केलं. मुलाचे आजोबा भाषणाला उठले. त्यांना प्रत्येक वाक्यानंतर टेबलावर मूठ आपटायची सवय आहे. पहिल्या मुठीला बाटल्या किणकिणल्या. लोक म्हणाले, वा. दुसऱ्या मुठीनंतर बाटली चार बोटांवर आली.

शेवटी मी नवरीच्या खुर्चीमागे जाऊन खाली वाकलो आणि कानात सगळं सांगितलं. ती रडेल, निदान मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने वर बघितलं, मग हातातला घास नीट खाल्ला.

"काका, किती वेळ आहे आपल्याकडे?"

मी माहीत नाही म्हणालो. ती उठली आणि हसतमुखाने सगळ्यांना म्हणाली, "आता सगळ्यांनी आपापलं ताट घेऊन अंगणात चला. पुढचं जेवण उभ्याने, झाडांच्या सावलीत. हीसुद्धा काकांचीच कल्पना आहे." आणि मावशी, लोक उठले. हळू, गप्पा मारत, काय नवीन टूम काढलीय म्हणत उठले. आजोबा मात्र हलेनात. भाषण अर्धं सोडून मी उठत नसतो, म्हणाले. मी आणि नवऱ्या मुलाने त्यांना खुर्चीसकट उचललं. हा मान आहे असं त्यांना वाटलं, त्यांनी वाटेत हात हलवून सगळ्यांचा निरोप घेतला.

दार लोटून मी पायरीवर बसलो, माणसं मोजली, एक कमी. मी दार लोटायच्या आधीच मुलाची आई पर्स आणायला परत आत गेली होती. मी धावत आत गेलो. त्या तर झाडाखाली उभ्या राहून, मान वर करून, ही मुळं खरी आहेत का, असं मला विचारत होत्या. बाटली टेबलाला टेकली होती. समजावून सांगायला वेळ नव्हता, हाताला धरून ओढायची हिंमत नव्हती (मुलाची आई ती). मी टेबलावरची त्यांची पर्स उचलली आणि पळत सुटलो. आयुष्यात पहिली चोरी, तीही लग्नात, अंगात नवा कोट घालून. त्या 'चोर, चोर' करत माझ्यामागे धावल्या, आणि वयाच्या मानाने फार वेगाने. आम्ही दाराबाहेर पडलो आणि मागे तो आवाज झाला. मी त्याचं वर्णन करणार नाही. रोज ऐकू येतो, तेवढा पुरे.

अंगणातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. मुलाच्या आईने दारातून आत बघितलं. टेबलाचे मधोमध दोन तुकडे झाले होते, त्यांच्या खुर्चीचं काय झालं होतं ते ओळखू येत नव्हतं. त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पर्स द्या." पर्समधून त्यांनी रक्तदाबाची गोळी काढली, तिचे दोन तुकडे केले, एक स्वतः घेतला आणि दुसरा माझ्या तळहातावर ठेवला.

आता गंमत बघ. चार दिवसांत नव्या कामासाठी तिघांचे निरोप आले. एका कचेरीला वार्षिक मेजवानीत शेवटी काहीतरी 'धाडकन पडायला' हवंय. मी सगळ्यांना नाही म्हणालो. एकूण काय, शेवट गोड झाला, कुणाला ओरखडाही नाही, डॉक्टरांनी माफ केलं. काळजी करू नकोस.

तुझा भाचा

ता. क. : शेवट गोड झाला असं वर लिहिलंय, ते पूर्ण खरं नाही. हूक कुणी ठरवला, असं सभागृहाच्या चिटणीसांनी विचारलं तेव्हा मी घाबरून म्हणालो की रखवालदाराने होकार दिला होता. त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय. चिटणीस शाळेत तुझ्याच हाताखाली शिकलेले आहेत, तुझा शब्द मोडणार नाहीत. तू त्यांना फोन करून खरं काय ते सांगशील का? त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. २ : वरचं पुन्हा वाचलं. एक्कावन्न वर्षांचा झालो, अजून माझी चूक कबूल करायला मावशीला शाळेत पाठवतोय. फोन करू नकोस. पत्र तुला गुरुवारी मिळेल. त्याच दिवशी अकरा वाजता मी स्वतः चिटणीसांकडे जातो. आधी त्या रखवालदाराच्या घरी जाईन, पत्ता काढलाय. झाडाखाली वाटली नव्हती एवढी भीती वाटते आहे. तू फक्त बारा वाजता फोनजवळ बसून राहा. काय झालं ते विचारू नकोस. जेवलास का, एवढंच विचार.