घाटाखालचे दगड

पुणे, १२ जानेवारी २०२५

ती. राहीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ऑफिसात ओरडता येत नाही, म्हणून पुन्हा पत्रच. हाताची खाज कमी आहे का? विहिरीचं पाणी भांड्यांनाही वापरू नकोस.

रंगाच्या कारखान्याचा नाला बंद करा, या गावाच्या अर्जावर आमच्या संस्थेला पाहणी सांगितली आहे. गोदावरीला मिळणाऱ्या सगळ्याच नद्या आम्ही तपासतोय, प्रवरा माझ्याकडे आली. पुढच्या बुधवारी कोल्हारच्या घाटापाशी, नाल्याच्या खालच्या अंगाला, पाण्यातले दगड उचलून त्यांना कुठले जीव चिकटलेत ते बघणार. त्यावरच अर्जाचा निकाल.

बाकी माझे हाल विचारू नकोस. महिनाभर चिखलात उभी आहे, जाळ्यात किडा म्हणून येत नाही. सर हसतात, म्हणतात रुपालीच्या हाताला यशच नाही. हुलग्याची शेंगोळी करून ठेव.

तुझी काळवंडलेली भाची,
रुपाली

---

कोल्हार, २५ जानेवारी

चि. रुपालीस अ. उ. आशीर्वाद.

पोचल्याचं कळवलं न्हाईस. आत्या काय जोतिषी हाय? शेंगोळी पोटभर खाल्लीस, जीव निवला. तुझा साहेब मातर मिरचीनं रडला.

जाळ्यात शिंपले, किडे वळवळायला लागले तवा तो कसा आ वासून बघत हुता! म्हनं हाताला यश न्हाई! तू का गं गप झालीस? नजर लागंल वाटलं व्हय?

आता नाला बंद हुईल. शेजारच्या बनुबाईच्या नातवाच्या अंगावर बी फोड उठलेत. सगळ्या गल्लीनं तुझ्या नावानं देवीला नारळ बोललाय. औंदा लग्नाचं तेवढं मनावर घे.

लोभ हाय तो हायच.
तुझी आत्या

---

पुणे, १० मार्च

ती. आत्यास शि. सा. न.

अर्ज फेटाळला. माझ्याच अहवालावरून. स्वच्छ पाण्याशिवाय जगत नाहीत असे किडे घाटापाशी सापडले, म्हणजे नदी निरोगी, असा निकाल.

आत्या, तिथं काही सापडायलाच नको होतं. दगड रिकामे निघाले असते तर तोच नाल्याविरुद्धचा पुरावा होता. तुला हे माहीत असेल असं मी धरून चालले.

त्या घाण पाण्यात ते किडे आले कुठून? मला झोप नाही. तुला काही ठाऊक असेल तर कळव.

रुपाली

---

कोल्हार, १७ मार्च

चि. रुपालीस आशीर्वाद.

ठाऊक हाय. मीच आनले. नाल्याच्या लई वर, जितं पानी अजून चांगलं हाय, तितनं गल्लीतल्या अजिनाथच्या टेम्पोत दगड घातले, पान्यानं भरलेल्या घमेल्यांत. आदल्या सांजेला घाटापाशी मांडले. माझ्या भाचीला कुनी अपेशी म्हनावं? पाव्हनी रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढंच माझ्या टकुऱ्यात. बोटं झडावीत माझी.

पन बाई, तू एवढी शिकलीस, एक वळ जादा लिहायला काय झालं हुतं?

तू गेलीस अन् दोन दिसांत सारे मेले. शिंपले उघडे पडले. मला वाटलं, जागा बदलली म्हनून सोसलं न्हाई. तुझ्या साहेबाला सांग, म्हातारीनं घोळ केला. म्हनावं, परत बघा.

तुझी करंटी आत्या

---

पुणे, २ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, सही होऊन अहवाल वर गेला, आता हे बाहेर आलं तर हसं संस्थेचं होईल आणि नोकरी तुझी जाईल. पुढची पाहणी तीन वर्षांनी.

मी गप्प बसले, आत्या. माझी नोकरी कंत्राटी आहे. तू बोटं झडोत म्हणालीस, माझी तर जीभ आधीच झडली.

मेमध्ये येते. येऊ ना?

रुपाली

---

कोल्हार, ९ एप्रिल

चि. रुपालीस आशीर्वाद.

मी गल्लीत खरं सांगून टाकलं. तवापासनं बनुबाई माझ्या दारावरनं तोंड फिरवून जाते. नातवाला नगरला दवाखान्यात ठेवलाय. तिचं काय चुकलं? देवीचा नारळ मी एकटीनंच फोडला, बोललेला ठिवू न्हाई.

तुझ्यावर राग धरून जाऊ कुठं? ये. घर तुझंच हाय. शेंगोळी बी करीन.

फकस्त येताना प्यायचं पानी तुझं तू घिऊन ये. दारात आलेल्याच्या हातात तांब्या द्यावा, एवढी बी सोय आता माझ्या घरात न्हाई.

तुझी आत्या