तुझ्या तब्येतीची चौकशी

माय, मी सध्या लोणारला आहे. तळं बघायला आलेल्या लोकांना खाली उतरायची वाट दाखवतो. हेही किती दिवस टिकेल कोण जाणे. पण सांगायचं ते वेगळंच. काल विद्यापीठाच्या कॅन्सर सेंटरमधून तुझ्यासाठी फोन आला.

तुला ते सेंटर किती आवडायचं! मला तिथल्या वासानंच पळावंसं वाटे. चहाला म्हणून निघायचो आणि भलतीकडेच भटकून यायचो. तू मात्र अमडापूरच्या शाळेत खिचडी रांधायला निघायचीस तशी, डोक्यावर केस नव्हते तरी पदर नीट घेऊन, वेळेआधी हजर. मोठे सर दहा-बारा शिकाऊ डॉक्टर घेऊन तुझ्या खाटेपाशी येतात. गाठ कशी तपासायची ते समजावतात. एक पोरगा घाबरत हात पुढं करतो, तर तू म्हणतेस, "थांब रे बाबू, हात थंडेगार हायेत तुये. चोळ पयले." सगळे हसतात. सर हसत नाहीत. ते स्वतःचे तळवे चोळून दाखवतात आणि म्हणतात, "हे पुस्तकात नाही. लिहून घ्या." दुसऱ्या दिवसापासून तो अख्खा घोळका दारातूनच हात चोळत यायला लागला. आणि तू, चौथी शिकलेली, गावातल्या बायांना सांगितलंस, "म्या कालेजात शिकवून राह्यली."

तिथं एका नव्या औषधाचा अभ्यास चालला होता. तू त्यात नाव दिलंस. त्याच्या नोंदी ठेवणाऱ्या मॅडम वही घेऊन विचारायच्या, गोळ्या वेळेवर घेतल्या का? मी मागून खुणावलं, हो म्हण. तू म्हणालीस, "दोन दिस नाई घेतल्या. तोंड आलं होतं." बाहेर आल्यावर मी चिडलो, "काऊन सांगतं सारं? नाव काढून टाकतीन ना तुयं!"

"गप बे. मायं खोटं त्यायच्या वहीत गेलं, तं उद्या दुसऱ्या बाईले चुकीची गोळी देतीन."

कागदावर नातेवाईक म्हणून माझा नंबर होता. तू गेलीस तेव्हा मी खानदेशात, जत्रेतल्या पाळणेवाल्यांबरोबर. घरी पोचलो तोवर सगळं आटपलं होतं. पुढं काही महिन्यांनी मॅडमचा फोन, "आई कशा आहेत?" तोंडातून निघालं, "बरी आहे." मग दर सहा महिन्यांनी तेच. जेवतात का? दोन भाकरी खाते. चालतात का? शाळेपर्यंत जाऊन येते. तपासायला घेऊन या. आणतो की. चार वर्षं मी तुला असं चालतं-बोलतं ठेवलं.

काल मॅडम म्हणाल्या, "नव्या बायका घाबरतात ना, तेव्हा सर तुमच्या आईंचंच सांगतात. आता अहवाल लिहायचाय. एकदा घेऊन याच त्यांना."

कुठल्यातरी बाया तुझ्या त्या दोन भाकरींच्या भरवशावर औषध घेत होत्या. म्हटलं, "मॅडम, ती नाही. चार वर्षं झाली."

मला वाटलं, आता शिव्या. त्या म्हणाल्या, "अहवाल अजून गेलेला नाही. बरं झालं सांगितलंत." मग हळू आवाजात विचारायला लागल्या. शेवटच्या महिन्यात दुखायचं का? गिळता यायचं का? झोप? प्रत्येकाला मी एकच सांगितलं, माहीत नाही. "तेही लिहिते," त्या म्हणाल्या. "मनानं काही सांगू नका आता." जवळ कोण होतं विचारलं, तेव्हा ताईचा नंबर दिला. त्या तिला उद्या फोन करणार आहेत.

तुझं सेंटर खरंच तुझ्यासारखंच आहे, माय. खोटं कळलं तरी आधी दुसऱ्या बाईची काळजी.

हा कागद टपालात टाकायचा नाहीच, म्हणून लिहितो. तुझा शेवटचा महिना कसा गेला ते आता विद्यापीठाला माझ्याआधी कळेल. ताईला मी आजवर विचारलेलं नाही. ती सांगेल, याची भीती वाटते.