संयमाचे बारा भाग

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांनी ती लिहावी, असं मीच माझ्या कोर्सच्या चौथ्या भागात सांगितलंय.

वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकणारं आमचं कॉल सेंटर. महिनाअखेर प्रशिक्षण प्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. तिथे शोभेल असा माणूस एकच. नाव लिहायची गरज नाही. 'रागावलेला ग्राहक आणि संयम' हा माझा ऑनलाइन कोर्स फोन घेणाऱ्या नव्या मुलींना सक्तीचा आहे.

सेंटरच्या प्रमुख मॅडमचा ईमेल: शंका विचारता याव्यात म्हणून कोर्सला एआय चॅट जोडायचा. लगेच हो म्हटलं. एआय म्हणजे काय ते उद्या बघू.

६ मार्च
मेहुणा या एआयच्याच धंद्यातला. त्याला घरी बोलावलं. म्हणाला, चॅट कोर्समधून उत्तरं देईल, अडलं तर बाहेरची माहितीही घेईल. बाहेरची कशाला? ठणकावून सांगितलं, फक्त माझंच. पदरचं एक अक्षर घालायचं नाही. त्याने दोनदा विचारलं, भाऊजी, नक्की का. नक्की.

बायको म्हणाली, आधी स्वतः एखादा प्रश्न विचारून बघा. मला सगळं येतं, मी काय विचारू?

११ मार्च
चॅट सुरू. नाव 'गुरुजी'. फोटो माझा, केस होते तेव्हाचा.

१४ मार्च
तीन दिवसांत प्रश्नांचा नुसता पाऊस! मेहुणा म्हणतो, उत्तरं वाचा. आकडे एवढे चांगले असताना उत्तरं कशाला वाचायची?

मुलींची टीम लीडर, जिला सगळे ताई म्हणतात, सांगत होती की जेवणाच्या सुट्टीत मुली गुरुजींची उत्तरं एकमेकींना वाचून दाखवतात. हसून हसून डोळ्यांत पाणी येतं म्हणे. शिकण्यातला आनंद तो हाच.

१९ मार्च
परवा मॅडमसमोर डेमो. नवा कोट घेतला. मेहुण्याचे चार फोन, एकही उचलला नाही. संयमाचा सराव.

२१ मार्च
मॅडमनी सगळ्यांसमोर गुरुजींना विचारलं, ग्राहक ओरडत असेल तर पहिलं वाक्य काय बोलावं.

मोठ्या पडद्यावर, माझ्या फोटोखाली, उत्तर आलं:
"याबद्दल सरांनी कोर्समध्ये काही सांगितलेले नाही. मात्र सरांना शाळेत वक्तृत्वाचे बक्षीस कसे मिळाले, हे पहिल्या, पाचव्या आणि नवव्या भागात आहे. सांगू का?"

ग्राहकाने पैसे परत मागितले तर? काही सांगितलेले नाही. मशीनमधून पाणी गळत असेल तर? काही सांगितलेले नाही. मग बारा भागांत आहे तरी काय, असं मॅडमनी विचारलं. त्यावर मात्र गुरुजी धडाधड सुटले. बक्षीस, माझा सत्कार, माझा दुसरा सत्कार, रोजनिशीचे फायदे.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तरी काय बोलायचं, ते मला सुचलं नसतं.

२४ मार्च
खुर्ची ताईला. नवा कोर्स ती आणि मुली मिळून लिहिणार. फोनवर खरंच काय घडतं, त्यावरून.

वाईट वाटलं. पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो. दोन वर्षं घालवली होती त्या बारा भागांवर. मेहुण्याला घरभेदी म्हटलं, तर बायको म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तेच केलं त्याने. पदरचं एक अक्षर घातलं नाही."

मला पहिल्या तारखेपासून फोनवर बसायचंय. मॅडमना अनुभवी माणूस आघाडीवर हवा असणार.

१ एप्रिल
पहिला ग्राहक. मशीन गळतंय म्हणून नुसता ओरडत होता. मी शांतपणे संयमाचं महत्त्व सांगायला घेतलं. वक्तृत्वाच्या बक्षिसापर्यंत आलो, तोच त्याने फोन ठेवला.

समाधान झालं असावं.