भरघोसच्या जागेत

२९ जून, रवि.
सेकंड शिफ्ट करून आलो. नागोठण्याच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टचा सुपरवायझर म्हणजे काय, पुढ्यातून पट्टा सरकतो आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत उभे. गिऱ्हाईक नाही, "हे कुठे ठेवलंय हो" विचारणारं कोणी नाही. डोकं गंजतं.

जेवणाच्या सुट्टीत मुंबईहून एका साहेबाचा फोन. नव्या चेनचा माणूस. पेणला किंवा रोह्याला तयार जागा हवीय, दिवाळीला सुरू करायचं. "पेणमधलं, रामवाडीचं ते जुनं भरघोस मार्ट तुम्हीच चालवत होता ना? जागा मोकळी करून द्या, मॅनेजर तुम्हीच."

मॅनेजर. कितीतरी वर्षांनी कोणी हा शब्द माझ्या नावापुढे लावला. घरी आलो, नीताला सांगितलं नाही. अंगणात येरझाऱ्या घातल्या. ती म्हणाली, पोट दुखतंय का? म्हटलं, व्हय.

२ जुलै
शिफ्ट नव्हती. नी.चा डबा द्यायचं निमित्त करून रामवाडीला गेलो. डबा ती रोज स्वतः नेते, त्यामुळे कारखान्यातल्या बायका हसल्या.

भरघोस आता म्हात्रेचा गणपती कारखाना. बाहेरच्या भिंतीवरची अक्षरं काढली, पण त्यांच्या जागी रंग उजळ राहिलाय, लांबून अजून वाचता येतं. आत गणपती आमच्याच रॅकवर. 'बिस्किटे व फरसाण' पाटीखाली उंदरांची रांग. नी. बसते 'डाळी व कडधान्ये'खाली, आखणीला. डोळे काढायचं काम. श्वास धरते, बुबुळ ठेवते, श्वास सोडते. मी मागे उभा होतो ते तिला कळलंच नाही.

लाद्यांवर फ्रीजरच्या पायांचे डाग तसेच. मी मनातल्या मनात काउंटर लावून बघितले. तिसरा काउंटर दाराच्या फार जवळ होता, तेव्हाही म्हणत होतो, पण पनवेलच्या ऑफिसात ऐकतंय कोण.

तिला आजही बोललो नाही. हा हॉल गेला तर म्हात्रे कारखाना गावातल्या त्याच्या घरी नेणार. तिथे जायला एक तर दोन रिक्षा बदला, आणि जागा एवढीशी की बापय गडीच मावतील. म्हणजे नी. घरी.

पण पगार येईल ना माझा. एवढं काय.

५ जुलै
इकबालचाचांकडे गेलो. जागा त्यांची. कुवेतला उभी हयात काढून बांधली आणि भरघोसला दिली. चहा, खारी. गुडघ्याला तेल लावत बसले होते.

"म्हात्रेचा कागद संपलाय. बोलीवर चाललंय. तू बोल, तुझं काय म्हणणं?"

म्हटलं, चाचा, श्रावण लागायच्या आत मोकळी झाली तर नवे लोक काम सुरू करतील.

"तुझ्या शब्दावर बघतो. तू असताना माझ्या शटरवर कधी पानाची पिंक दिसली नाय."

खूश होऊन बाहेर पडलो. अर्ध्या वाटेत खुशी कुठे गेली कळलं नाही. साहेबाला मेसेज टाकला: काम होईल.

६ जुलै, रवि.
घरात बसवेना. मेमू पकडून रोह्याला गेलो. भरघोसची रोह्याची ब्रँच बघायचीच होती. नागोठण्याची पुराने आधीच संपवलीय, तिथे आता कंपनीच्या कामगारांची मेस. म्हणजे पेण देवाचं, नागोठणं जेवणाचं आणि रोहा लग्नाचं. रोह्याला हॉल झालाय. गोडाऊनमध्ये नवरीची खोली!

हॉलचं बुकिंग बघते सुरेखा. आमच्याच रोहा ब्रँचची कॅशियर. नवरा वारल्यावर हॉलच्या मालकाने हे काम दिलं, मागची खोलीही राहायला दिली. मुलगी तिथूनच कॉलेजला जाते. मला बघून धावत आली.

"सर! अजून फिरताच का जुन्या ब्रँचा बघत?"

मग आम्ही दोघं शेवटचे दिवस आठवत बसलो. माल यायचा बंद झाला तेव्हा रॅकच्या कडेला एकेक पुडा ओढून ठेवायचा, समोरून भरलेलं दिसावं म्हणून. मागे नुसता पत्रा. एका म्हातारीने पुडा उचलला, आत हात घातला आणि म्हणाली, "ह्यात मागं कायच नाय गो." सुरेखा हसली. मलाही हसू आलं, पण त्या दिवसांत मला झोप नव्हती.

११ जुलै, शुक्र.
आज मी गाढवपणा केला. गाढवपणा करताना लय मजा आली, हेही लिहून ठेवतो.

नी.ला आणायला गेलो होतो. म्हात्रे रंग आणायला पनवेलला. पाऊस कोसळतोय आणि दारात ही गर्दी. आषाढात लोक घरचा पाट कारखान्यात आणून देतात. गणपती त्या पाटावरच बसतो, आणि जिथे पाट दिला तिथूनच घरी येतो. मुंबईचा माल टेम्पोत जातो, त्याला पाट लागत नाही. पण गावातल्या माणसाचा पाट एकदा कारखान्यात गेला की तो शब्द झाला. ह्या वर्षी दिला इथे आणि देव आणला तिथून, असं कोणी करत नाही.

तर पाट कुठेही टेकवलेले, एकमेकांत मिसळलेले. बाया भांडताहेत. एक म्हणते हा माझा, दुसरी म्हणते माझ्या सासऱ्याच्या वेळचा हाय, खिळा बघ. मला राहवेना. रांग लावली. सामान ठेवायच्या काउंटरचे जुने पितळी बिल्ले खणात तसेच होते, ते काढले. एक बिल्ला पाटाला दोऱ्याने, तोच नंबर कागदावर लिहून माणसाच्या हातात. "ताई, छत्री बाहेर. काका, पुढे सरका." तोंडातून आपोआप यायला लागलं. संध्याकाळपर्यंत पाट भिंतीला लावून उभे, नंबरवार. ताठ उभे होते सगळे.

एक आजोबा म्हणाले, "मॅनेजरसाहेब, परत आलात? बरं झालं."

नी. कोपऱ्यातून बघत होती. घरी येताना म्हणाली, आज तुमचा चेहरा किती दिवसांनी बरा दिसला.

रात्री जेवताना डोक्यात वीज चमकली, की अरे, श्रावणाच्या आत जागा रिकामी करायची होती ना.

१२ जुलै
चाचांनी बोलावून घेतलं. बस म्हणाले नाहीत.

"नंबर तू वाटलेस?"

व्हय.

"लोकांनी आपल्या देवाचे पाट माझ्या छपराखाली ठेवले. तू नंबर देऊन ठेवून घेतलेस. आता गणपती जाईपर्यंत मी कोणाला बाहेर काढणार नाय. माझ्या दारातून एक पाट परत गेला तर उद्या मी बाजारात तोंड कसं दाखवू? म्हात्रेने घेतले असते तर त्याला बोललो असतो. तू घेतलेस."

एवढं बोलून चाचा वर हसले. "तुला रांग दिसली की राहवत नाय, हेच तुझं दुखणं."

साहेबाला अजून कळवलेलं नाही. कळवायचंय. कळवतो.

१३ जुलै, रवि.
नी.ला कळलं. चाचांच्या घरातून चाचींनी, सहज. त्यांना वाटलं तिला माहीतच असणार.

ती ओरडली नाही. भाकऱ्या थापत होती, थापत राहिली.

"तुमचं मार्ट बंद पडलं तेव्हा तुमी भिंतीकडे तोंड करून पडलेलात. मी एकदा तरी म्हटलं का, उठा? आता मला जरा बरं काम मिळालंय, तर ते तुमी बंद करायला निघालात. तेही चोरून."

म्हटलं, तुझ्यासाठीच, पगार—

"माझ्यासाठी काय करायचंय ते मला विचारून करा."

भाकरी करपली. करपलेली तिने खाल्ली, चांगली मला वाढली. लाज वाटली, आणि राग पण आला, दोन्ही एकदमच. मला परत उभं राहायचंय, यात काय वाईट आहे?

१६ जुलै
साहेबाचाच फोन आला. सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, आता सुटलो.

तो जराही चिडला नाही. "पेण नको मग. रोहा घेऊ. ती जागा पण तुमच्याच कंपनीची होती ना? ओळखी असतीलच. मालकाशी बोला. मॅनेजर तुम्हीच, त्यात बदल नाही."

उद्या सांगतो म्हटलं. नाही असं का म्हटलं नाही?

१८ जुलै, शुक्र.
पट्ट्यापुढे उभं राहून दोन दिवस हेच. तिकडे लग्नं बंद आहेत सध्या, चातुर्मास. म्हणजे हॉल रिकामाच. मालकालाही बरं पडेल. सुरेखाला दुसरीकडे कुठेतरी काम... हुशार आहे ती. कॅश काउंटर देता येईल तिला. पण राहायची खोली? ती कुठून देणार मी?

हिशेब जमला असं वाटतं आणि तेवढ्यात मोडतो.

२० जुलै, रवि.
मेमूत लिहितोय. कासूला गाडी थांबलीय, समोरून गाडी यायचीय.

सकाळी बूट घालताना नी.ने विचारलं, कुठे? रोह्याला, म्हटलं. काय प्रकरण आहे ते तिला काल रात्री सांगितलंय, या वेळी लपवलं नाही. तिला बरं वाटेल असं वाटलं होतं.

"सुरेखाला सांगायला चाललात, का मालकाला भेटायला?"

दोन्ही, असं म्हणायचं होतं. आधी कोणाला, ते मलाच माहीत नव्हतं. ती रंगाचे ब्रश धुवत बसली, मी निघालो.

आत्ता सुरेखाचा फोन. स्टेटसवर गाडीचा फोटो टाकला होता तो बघून.

"सर, इकडेच येताय ना? जेवायला माझ्याकडेच या. आज मालक पण आहेत हॉलवर. तुमची ओळख करून देते, लय चांगला माणूस."

बरं, म्हटलं.

गाडी हलली.