गुडघा नव्हे, जांघ

भावजी,

ही चिठ्ठी फ्रिजवर लावली असती तर आईंनी वाचली असती, म्हणून तुमच्या फुटबॉलच्या बुटात ठेवली आहे.

घरी तुम्ही गुडघा दुखतो म्हणून सांगता. पण जिना तुम्ही सहज उतरता आणि बाइकवर टांग टाकताना दात आवळता. दुखतंय ते जांघेत. वहिनीला सांगायची लाज वाटली, एवढंच. खात्री करायची असेल तर उताणे झोपा, गुडघे वाकवून मध्ये उशी धरा आणि दाबा. मांडीचा आतला स्नायू वर हाडाला जोडला जातो, तिथे कळ येईल. तालमीत तेल लावून रगडून घेणं आजपासून बंद करा. हा स्नायू व्यायामाने बरा होतो, पण सावकाश.

सकाळी तुमचे कॅप्टन विजयसिंह आले होते.

"वहिनी, रविवारी फायनल हाय की! इंजेक्शन देऊन एवढी एक खेळू द्या त्याला."

मी म्हटलं, "खेळले तर पुढचा सीझनही घरात बसतील."

"पर लागलंय कुठं?"

"पायाला," एवढंच मी सांगितलं.

तेव्हा रविवारी तुम्ही खेळणार नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

संध्याकाळी आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकवर या. माझे सीनियर नईम सर तपासतील. हर्निया तर नाही ना हे पाहायला, खोकताना दुखतं का, तिथे फुगवटा येतो का, असं विचारतील. त्यांना सगळं खरं सांगा. मी माझ्या पेशंटांमध्ये असेन, त्या खोलीत येणार नाही.

वहिनी