वन्संची सहल

१२ जून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

फोनवर ओरडून ओरडून तू दमतेस, म्हणून हे पत्र. तीस वर्षं दातांच्या कवळ्या घासायच्या यंत्रापुढे बसून माझे कान कामातून गेलेत. फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानंच भरते. सहल ठरवताना ते चालायचं नाही.

दादाला जाऊन मार्चमध्ये दोन वर्षं झाली. तेव्हा तू म्हणाली होतीस, की एकदा आपण दोघींनीच कुठेतरी लांब जाऊ. मी ते विसरलेले नाही. पूर्व आशियातला तो बेटांचा देश कसा वाटतो? तुला समुद्र हवा, मला वेळेवर सुटणाऱ्या गाड्या हव्यात. तिथे दोन्ही आहे. गर्दीचा हंगाम टाळून नोव्हेंबरात गेलो, तर विमानाचं भाडं जवळजवळ निम्मं पडतं. दोघींत एकच खोली घ्यायची. तू घोरत नाहीस हे मला माहीत आहे, आणि मी घोरले तरी मला ऐकू येत नाही.

मालकांकडे तीन आठवड्यांची रजा मागितली. ते आधी हसले. मी आजवर सलग चार दिवसांवर रजा घेतलेली नाही. मग त्यांनी सही केली.

उत्तर सविस्तर लिही. माया आहेच, ती पत्रातही येऊ दे.

तुझी,
वन्सं

---

३ जुलै

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर मला चालेल, तेव्हा शाळेला सुट्टी असते. प्रयोगशाळेतल्या नळ्या मोजून कपाटाला कुलूप लावलं, की मी मोकळी.

आमच्या शाळेसमोरच्या दुकानातले चष्मेवाले त्या देशात दोनदा जाऊन आलेत. ते सांगतात, विमानतळावरून टॅक्सी मुळीच करायची नाही, बस घ्यायची. जेवणाचे तयार डबे संध्याकाळी दुकानं बंद व्हायच्या आधी घ्यायचे, तेव्हा भाव उतरलेला असतो. चष्मेवाल्यांच्या मते मोठ्या शहरात तीनच दिवस पुरे, कारण राहणं तिथेच महाग. मग सरळ बेटांवर जावं. सगळ्या बोटींना चालणारा एकच पास मिळतो, तो इथूनच काढा, असं चष्मेवाल्यांनी दोनदा बजावलंय. बॅग एकच, आणि स्वतःला उचलवेल एवढीच. चष्मेवाले सात किलोत महिना काढून आले. मी विचारलं, कपडे कोण धुवायचं? तर म्हणाले, नाणं टाकलं की यंत्र धुतं. चष्मेवाल्यांनी नकाशावर खुणाही करून दिल्यात, तो सोबत पाठवतेय.

तुम्ही तिकिटं काढून टाका. तब्येतीला जपा, आणि आहे तोच जिव्हाळा राहू दे.

तुमची,
वहिनी

---

१५ जुलै

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

नकाशा मिळाला. खुणा नेमक्या आहेत, माणूस नीटनेटका दिसतो. पण एका पत्रात चष्मेवाले पाच वेळा आले, आणि माझी विचारपूस एकदाच, तीही शेवटच्या ओळीत. तुझा नंबर एवढा वाढलाय का, की सारखं दुकानात जावं लागतं?

चेष्टा पुरे. दोन तिकिटं काढली, सहा नोव्हेंबरची. सर्वांत स्वस्त घेतली, म्हणजे तारीख बदलता येत नाही. खोल्याही तशाच आहेत. बेटावरची मुक्कामाची घरगुती जागा एक बाई आणि तिची आई मिळून चालवतात. फोटोत दोन अरुंद खाटा, मध्ये खिडकी आणि खिडकीत पाणी आहे. मी तो फोटो कामाच्या टेबलासमोर चिकटवलाय.

लगेच लिही. लोभाचं वेगळं सांगायला नको.

तुझी,
वन्सं

---

२० ऑगस्ट

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

उत्तराला महिना लागला. पत्र चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

तुम्ही चेष्टेत विचारलंत ते खरं आहे. चष्मेवाल्यांनी मला लग्नाचं विचारलंय आणि मी हो म्हणालेय. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मोठं काही करायचं नाही, फक्त नोंदणी. त्यांची मुलगी परदेशी असते. तिला नोव्हेंबरचा दुसरा आठवडाच जमतोय, पुढे वर्षभर येता येणार नाही. मी त्यांना म्हटलं, माझं आधीच ठरलंय, मी वन्संबरोबर जाणार, मुलीशिवाय करू. ते बरं म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला. तुम्ही सांगाल तसं करेन. मनापासून लिहितेय.

दुसरं एक आहे. त्या घरी जाताना यांचा फोटो नेऊ की नको, हे मी कुणाला विचारू? विचारण्यासारखं माणूस तुम्हीच आहात, आणि तुम्हालाच विचारायची लाज वाटते. लग्न झाल्यावर मी तुमची कोण, तेही मला कळत नाही.

रागावलात तर रागावा, पण लिहा.

तुमची,
वहिनी

---

२ सप्टेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र आलं त्या दिवशी मी एका गृहस्थांच्या कवळीत समोरचे दोन दात उलटसुलट बसवले. मालकांनी ती हातात धरून बराच वेळ पाहिली. मग परत माझ्यापुढे ठेवली. मी मेण तापवून पुन्हा बसवले.

मला राग आला, हे लपवत नाही. लग्नाचा नाही. तू सत्तावन्नाची आहेस, रोज संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप उघडतेस. ते काय असतं हे मला कुणी सांगायला नको. राग याचा, की चष्मेवाल्यांना मी माहीत होते आणि मला ते माहीत नव्हते. जून महिन्यात सांगितलं असतंस, तर मी तारीख पुढची घेतली असती.

तुझं लग्न त्यांच्या मुलीसमोर होऊ दे. ती एकदाच येणार. मी लग्नाला नसेन. मी सहलीला जाणार, एकटी. आता नाही गेले, तर पुन्हा रजा मागायचं धैर्य मला व्हायचं नाही.

दादाचा फोटो तूच ने. तो त्यांना चालतो का, हे त्यांना विचार. नाही म्हणाले तर मला कळव, आणि लग्नाचा पुन्हा विचार कर.

तू माझी कोण, याचं उत्तर मला आज येत नाही. कान जपले नाहीत, निदान माणसं जपावीत म्हणते.

तुझी,
वन्सं

---

१४ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वर ‘वहिनीस’ लिहावं की नाही, यात अर्धा तास गेला. दुसरं काही सुचेना, म्हणून तेच लिहिलं.

दादाचा फोटो चष्मेवाल्यांनी आधीच स्वतःच्या हातानं घरात लावला, हे तुझ्या चिठ्ठीतून निघायच्या दिवशी कळलं. बरं वाटलं.

मी कालपासून बेटावर आहे. बोट ठरल्या मिनिटाला सुटली. प्रवासात एकदाच चुकून भलत्या गावी उतरले, आणि ते गाव फार छान निघालं.

काल दुपारी, म्हणजे तुमच्या सह्या चालू असतील त्या सुमारास, मालकीणबाईंनी दुसऱ्या खाटेकडे बोट दाखवून खुणेनं विचारलं, की या कुठे आहेत? त्यांच्याकडे फोन आहे. आपण बोलायचं, तो त्यांच्या भाषेत लिहून दाखवतो. मी सांगितलं, माझ्या भावाची बायको येणार होती. त्यांनी विचारलं, भाऊ कुठे आहे? म्हटलं, वारला. मग त्या कुठे आहेत? म्हटलं, आज तिचं लग्न आहे.

बाईंनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, यंत्र चुकलं. फोन पुन्हा माझ्यापुढे धरला आणि सावकाश बोला अशी खूण केली.

वहिनी, तीन महिन्यांत हे वाक्य मी कुणापाशी बोलले नव्हते. मालकांना सांगितलं, ती आजारी आहे. शेजारणीला सांगितलं, तिला रजा नाही. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा घाईत म्हणाले. दुसऱ्यांदा एकेक शब्द सुटा करून म्हणाले, की आज माझ्या वहिनीचं लग्न आहे. बाईंनी वाचलं आणि आत जाऊन आईला बोलावून आणलं. त्या म्हातारीनं माझे दोन्ही हात धरून माझंच अभिनंदन केलं. मी ते घेतलं.

अठ्ठावीसला परत येतेय. पत्ता नवा कळव. दोघांनाही माझा लोभ.

तुझी,
वन्सं