फितुराचे आडनाव

मी श्रीधर मोरेश्वर पाठक, वय एकाहत्तर, सेवानिवृत्त शिक्षक, राहणार सौंसर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. डोके ठिकाणावर आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, असलाच तर माझ्याच कादंबरीचा आहे.

१. सौंसरचे घर व पोस्टातील ठेव पत्नी नलिनी हिची. माझे लिखाण तिने कधी वाचले नाही, म्हणून घरात शांतता राहिली.

२. बोरगावची संत्र्याची बाग मुलगी उर्मिला हिला. बागेचा धुरा, म्हणजे बांध, शेजारचे पुंडलिकराव कळंबे म्हणतात तिथेच धरावा. १९६८ साली त्या हातभर जमिनीवरून मी त्यांच्याशी भांडलो. तेव्हाच कादंबरी लिहीत होतो. गढीचा दरवाजा शत्रूला उघडून देणारा एक फितूर हवा होता. रागाच्या भरात मी त्याला कळंबे हे आडनाव दिले.

३. शपथेवर सांगतो, ती गढी, तो वेढा, तो फितूर, सगळे मी रचले. मशालीचा धूर, घोड्याचा घाम असे बारीकसारीक भरले की वाचक मान डोलावतो, हे मला ठाऊक होते. लिहितानाची ती मजा मी नाकारत नाही. आज लोक एक टेकाड दाखवून हीच ती गढी म्हणतात, त्याचे मला हसू यायचे. पण पुंडलिकराव पंधरा वर्षे दर शनिवारी अनवाणी जामसांवलीच्या मारुतीला जातात ते त्या फितुराला आपला पूर्वज मानून त्याचे पाप फिटावे म्हणून, हे यंदा पोळ्याला कळले. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

मी त्यांच्याकडे जाऊन सगळे कबूल केले. ते म्हणाले, "गुरुजी, मले बरं वाटावं म्हणून तुम्ही असं बोलून राहिले. छापलेलं खोटं राह्यते काय?"

४. म्हणून हे स्टॅम्पपेपरवर. कादंबरीच्या घरातल्या एकतीस प्रती उर्मिलाने जाळू नयेत. प्रत्येकीत कलम तीनची नक्कल चिकटवावी. माझ्या तेरवीला तेच कलम मोठ्याने वाचावे, भाषणे करू नयेत.

५. दुसरे साक्षीदार म्हणून मुद्दाम पुंडलिकरावांना बोलावले. त्यांनी आत्ताच हे दोनदा वाचले. मग जे बोलले ते त्यांच्या संमतीने उतरवतो: "मंग मानतो खरं, गुरुजी. पण आमच्या घरात आज्याच्या मांगचं कोणाचं नावबी कोणाले माहीत नाही. फितूर का होईना, तुम्ही एक माणूस देल्ला होता. त्याच्यासाठी मी चालत होतो. आता कोणासाठी चालू?"

यावर मला काही देता येत नाही. त्यांनी सही केली.

लिहून देणार: श्रीधर मोरेश्वर पाठक
साक्षीदार: १. प्रभाकर गुणवंता चौरे, सौंसर
२. पुंडलिकराव दादाजी कळंबे, बोरगाव
सौंसर, १४ नोव्हेंबर १९८४